जिलेबीची मंदी आणि खरी मंदी

न्हावऱ्याहून कारेगावला कंपनीची बस चालवताना किस्से गोळा करावे लागत नाहीत. नजर पुढं ठेवायची, ते पाठीमागून आपोआप येतात! माझ्या बसनं दोन मंद्या पाहिल्या. पहिलीचं आठवलं की आम्ही अजून हसतो.

*

पहिलीत ओव्हरटाइम बंद झाला आणि कँटीनमधली शुक्रवारची जिलेबी गेली. बसमध्ये सगळे तोंड पाडून बसलेले. आमचे सगळ्यात जुने फिटर सय्यदमामा म्हणाले, "डॉक्टर कवाचा सांगत हुता, म्या ऐकलं न्हाई. शेवटी कंपनीनंच पथ्य लावलं!"

*

एचआरच्या साहेबांनी मीटिंग घेतली. "घाबरू नका, स्लोडाऊन अगदी सॉफ्ट आहे."

क्वालिटीतल्या सुनीता कांबळेताईंनी हात वर केला. "सर, सॉफ्ट कुणाला?"

साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला!

*

पॅकिंगमधला दौलत उजेडातच घरी पोचायला लागला. बायको म्हणाली, "रिकामं बसण्यापरीस म्हशीची धार काढा."

पुढं ऑर्डरी आल्या, ओव्हरटाइम सुरू झाला. पण म्हैस आता बायकोला जवळच येऊ देईना! दौलत सुपरवायझरला म्हणाला, "साहेब, जरा लवकर सोडा. घरचं प्रॉडक्शन थांबलंय!"

पहिली मंदी अशी. पगार बारीक झाला, पण सकाळी स्टॉपवर माणूस उभा असायचा.

*

दुसरीत माणसंच कमी झाली. आधी कंत्राटी, मग परमनंट. बस निम्मी रिकामी, तरी जो तो आपल्याच सीटवर. एक नवा सिक्युरिटीवाला खिडकीपाशी बसायला गेला.

कांबळेताई पटकन म्हणाल्या, "तिथं रेश्मा बसती."

रेश्माला कामावरनं कमी करून बरेच महिने झाले होते. तो गुपचूप मागं गेला.

*

एका संध्याकाळी कंपनीच्या गेटवर एचआरचे साहेबच बसमध्ये चढले. त्यांनाही काढलं होतं, कंपनीनं दिलेली गाडी आत जमा झाली होती. कांबळेताईंनी सरकून जागा दिली.

*

मग कंपनीतली मोठी प्रॉडक्शन लाइन बंद झाली. सय्यदमामा घरी बसले.

एका सकाळी बघतो तर मामा स्टॉपवर, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून! मी ब्रेकच दाबला.

"मामा, परत घेतलं व्हय?"

"आजच्यापुरतं."

लाइनवरचं मोठं प्रेस मशीन विकलं होतं. ते उचकटून ट्रकवर चढवायचं होतं. मामांनीच ते नोकरीला लागल्यावर बसवलेलं, जन्मभर त्यांनीच सांभाळलेलं. म्हणून फोन मामांनाच गेला.

संध्याकाळी मामा बसमध्ये आले तेव्हा हात कोपरापर्यंत काळे. माझ्या मागच्या सीटवर बसले. मी आरशातून बघत विचारलं,

"मामा, लई तरास झाला का तुमाला?"

मामांनी हात फडक्याला पुसले.

"न्हाई ना," ते म्हणाले. "एकबी नट अडला न्हाई."