खिडकीकडचा कोपरा

तुमच्या सदरातले अनुभव मी वाचते, आणि खरं सांगायचं तर अर्धे मला बनवलेले वाटतात. आमच्यात कुणा बाईच्या अंगात आलं तर मी तिला पाणी पाजून पोळ्या लाटायला बसवत असे. असली मी हे लिहून राहिले, याचं मलाच नवल वाटतं. शिक्षण चौथीपर्यंत. झालं तसं लिहिते.

आम्ही जबलपूरचे, दीक्षितपुऱ्यातले. माझे यजमान, वामनराव, छावणीकडच्या एका इंग्रजांच्या काळातल्या मोठ्या हॉटेलात जन्मभर रूम बेअरर होते. खोल्यांमधले पलंग करायचे. चादरीचा कोपरा पाकिटासारखा दुमडून गादीखाली दाबायचा. खिडकीकडच्या कोपऱ्याला आणखी एक घडी, कारण तिकडून वारं येतं, चादर सुटते आणि पाहुण्याचे पाय उघडे पडतात. ही जास्तीची घडी त्यांची स्वतःची. घरी मात्र कधी स्वतःची उशीही उचलली नाही. "दिवसभर तेच करतो," म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी अंथरुणाला खिळले. चादर सैल झाली की चिडायचे. "कोपरा दाब... असा नाही, दुमडून." मला जमायचं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी मी म्हटलं, "काहून त्रास देता? इथे कोणता साहेब पाहायला येऊन राहिला?" दुपारी ते गेले. चादर सैलच होती.

वर्षश्राद्ध झाल्यावर मुलीला म्हटलं, मला त्या हॉटेलात एक दिवस राहायचं आहे. तिने मोबाईलवरून खोली घेतली. "मी पण येते, आई."

"नको. मला तिथे काम आहे."

काम एवढंच — तो कोपरा एकदा त्यांच्या जागेवर नीट घालायचा. बाकी कशाने माझं ते बोलणं फिटेल, मला सुचलं नाही.

दुपारी दोनला पोचले. वरच्या मजल्यावरची खोली, उंच छत, सागवानी पलंग, खिडकीबाहेर कडुनिंब. तिथले मिश्राजी म्हणून पिकल्या केसांचे गृहस्थ खोली दाखवायला आले. मी त्यांच्याकडे बिनइलास्टिकची चादर मागितली.

"अब तो सब इलास्टिक वाली आती हैं, माताजी. पुरानी कोई पड़ी होगी. पर करेंगी क्या?"

"बिछाऊंगी."

"वो तो हमारा काम है."

"चलो, आज मेरा."

ते हसले, चादर आणून दिली आणि गेले. मी दाराला आतून कुंडी लावली. चार वेळा चादर घातली, चार वेळा काढली. तीन कोपरे कसेबसे बसले. खिडकीकडचा बसेना, घडी सुटून यायची. गुडघे भरून आले. मी रडणारी बाई नाही, पण तेव्हा रडले. "नाही जमत मला," मोठ्याने म्हटलं आणि तोंड धुवायला न्हाणीघरात गेले. पाच मिनिटंही लागली नसतील.

बाहेर आले तर चादर ताठ. चारही कोपरे पाकिटासारखे... आणि खिडकीकडच्याला ती जास्तीची घडी.

कुंडी लावलेली होती. खिडकीला पक्की जाळी. मी घंटी वाजवली; मिश्राजी आले तेव्हा कुंडी काढली.

"आप अंदर आए थे?"

"कुंडी तो अभी आपने खोली, माताजी. मैं कैसे आता?" मग मिश्राजी वाकून कोपरा पाहत राहिले. "ये कोना तो यहाँ वामन दादा लगाते थे. हमको बहुत सिखाया, किसी से बना नहीं."

मी कोण, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगितलं नाही.

ते गेल्यावर पलंगाशी उभी राहून म्हटलं, "त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं." मी आडवी झाले, पाय आत घातले. खिडकी उघडीच होती, कडुनिंब हलत होता. पायांना वारं लागलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं अंथरूण घातलेलं ते एकदाच, असं मी धरून चालले आहे. दुसरं काय झालं असेल ते मला ठाऊक नाही.

मुलगी म्हणते, "आई, तूच घातलं असशील, रडण्यात लक्षात राहिलं नाही." असेलही. पण मग मला यायला पाहिजे ना? ती चादर मी मिश्राजींकडून मागून आणली आहे. रोज सकाळी घालून पाहते. तीन कोपरे बसतात.