किडनी माझी, जीप रफिकभाईची

आजारी माणसाला गोळ्या मिळतात आन् त्याच्या संग जाणाऱ्याला किस्से! आठवड्यातून दोनदा हिंगोलीहून नांदेडला जीपनं जा, दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहा, परत या. किस्से गोळा करायला लागत न्हाईत, ते आपले आपच जीपमधी चढून बसतात.

आमचे हे हळदीच्या मार्केटात मापाडी. दोन्ही किडन्या बसल्या, म्हणून मशीनवर रक्त धुवायला न्यावं लागायचं. तवा हिंगोलीत डायलिसिस कुठं? जीप रफिकभाईची. कळमनुरीच्या अलीकडं तांड्यावरचे राठोडकाका चढायचे, तेबी मशीनवालेच. एवढीच आमची मंडळी.

*

डॉक्टर म्हणाले, आता किडनी बदला. तपासण्या झाल्या, माझी जुळली. आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, तोंड पाडून बसल्या.

"काहून वो आत्याबाई?"

"घराण्यातली असती तर बरं झालं असतं. सुनेची बसवल्यावर पोरगं सुनेचंच ऐकल!"

मी म्हटलं, "इतकी वर्षं बाहेरून सांगून ऐकलं न्हाई, आता आतून सांगून पाहते!"

आत्याबाई फणकाऱ्यानं उठून आत गेल्या. संध्याकाळी मात्र दुधाचा पेला आणून समोर आदळला. "पी. आता तुही तब्येत आमची हाय."

*

औरंगाबादच्या दवाखान्यात कमिटी बसली. किडनी विकत तर घेऊन राहिले न्हाईत ना, बाईवर जबरदस्ती तर न्हाई ना, हे त्यांना पाहायचं असतं. साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुमच्यावर नवऱ्याचा दबाव आहे का?"

मला हसू आवरंना. "यांचा? साहेब, चहात साखर कमी पडली तर हे शेजारणीच्या घरी जाऊन सांगतात!"

मग यांना आत बोलावलं. "पत्नी स्वखुशीनं किडनी देताहेत ना?"

"मला काय माहीत साहेब? मला कुठं विचारलं?"

"मग ठरवलं कोणी?"

"घरात जे ठरवतात त्यांनीच."

साहेबांनी मान हलवली आन् सही केली. ऑपरेशनची तारीख मिळाली.

*

आन् त्याच पावसाळ्यात, दोन हजार नऊ साली, स्वाइन फ्लू आला! पुण्यात माणसं दगावली, टीव्हीवर दिवसभर तेच. औरंगाबादहून फोन आला, "तारीख रद्द. साथ गेल्यावर पाहू."

मी डॉक्टरांशी फोनवर भांडायलाच उठले. ते बिचारे शांत माणूस. म्हणाले, "बाई, नवी किडनी अंगाला परकी वाटते. अंगानं ती हाकलू नये म्हणून आम्ही गोळ्या देऊन अंगाची राखण ढिली करतो. अशा माणसाला हा ताप लागला तर..."

मी फोन ठेवला. यांचे पाय सुजलेले, जिना चढताना दम लागायचा. मशीनवर माणूस किती दिवस ओढायचा? साथ आधी जाते का माणूस आधी जातो, हीच मला धास्ती. यांनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "गर्दी हाय म्हणाले. आपला नंबर मागं गेला." यांनी खोटं ओळखलं.

*

डॉक्टरांनी एक अट घातली. घरात कोणालाच ताप, सर्दी, खोकला नको. नवी तारीख आली आन् दोघांतलं कोणी शिंकलं, की परत रद्द! तवापासून आत्याबाईंचा पहारा. नातवानं नाक ओढलं की त्याची रवानगी मामाच्या गावाला.

एकदा मी ठेच्यासाठी तव्यावर मिरच्या टाकल्या. घर खोकायला लागलं. मग शेजार. मग गल्ली! कोणीतरी दवाखान्यात कळवलं. तोंड बांधून सिस्टरबाई हजर.

"घरात किती जणांना खोकला?"

"सगळ्यांना."

"कधीपासून?"

"मिरच्या टाकल्यापासून!"

बाईंनी मास्क खाली करून वास घेतला आन् त्याबी खोकल्या. जाताना भाकरीवर ठेचा घेऊन गेल्या.

*

आपल्याकडं आजाऱ्याला भेटायला जायलाच पाहिजे, न्हाई गेलं तर जन्माचा बोल. वसमतहून, कळमनुरीहून पाहुण्यांची रांग. 'येऊ नका' कसं म्हणावं? आत्याबाईंनी डोकं लढवलं. दारात बसून येईल त्याला सांगितलं, "आत जाऊ नका, स्वाइन फ्लू हाय!"

पाहुणे जे पळाले! दुपारपर्यंत बातमी गावभर. दूधवाला कोपऱ्यावरूनच आरडायला लागला.

दुसऱ्या दिवशी नांदेडची पाळी. रफिकभाईनं जीप लांब उभी केली, काचा वर, दार आतून बंद. यांना उभं राहवत नव्हतं. मी काच ठोकून म्हटलं, "रफिकभाई, ती आत्याबाईंची थाप हाय वो! पाहुण्यांसाठी!"

आतून आवाज आला, "भाभी, जिसको होता ना, वो ऐसाइच बोलता!"

मशीनची पाळी चुकली तर पाणी छातीत चढायचं. शेवटी राठोडकाकांना फोन लावला आन् मोबाइल काचेला लावला. काका तिकडून गरजले, "ए रफिक! मशीन चुकली तर आमी चार दिवसांत जातो. फ्लूनं मरायला आमाला टाइम कुठं हाय? घे त्याला गाडीत!"

रफिकभाईनं दार उघडलं. पण नांदेडपर्यंत मुंडकं खिडकीबाहेर काढूनच गाडी चालवली. समोरून येणारे एसटीवाले त्याला सलाम करून राहिले, त्यांना वाटलं ओळखीचा हाय.

*

मग सगळ्यांना मास्कची सक्ती. राठोडकाका तंबाखूचे जुने भक्त. काकी वरडायच्या, डॉक्टर वरडायचे, काका ऐकायचे न्हाईत. मास्क आल्यावर तर खुशच, "आता कोणाला दिसत न्हाई!"

जीप रंगात आली व्हती. काका यांना धीर देऊन राहिले व्हते, "भिऊ नको गड्या, नवी तारीख येतेच बघ." बोलता बोलता खिडकीकडं वळले आन् सवयीनं जोरात पिचकारी मारली.

मास्क तोंडावरच व्हता! काका हलंनात. रफिकभाईनं आरशात पाहिलं आन् गाडी कडेला घेतली. काकांनी तंबाखू सोडली ती त्या दिवसापासून. डॉक्टरांना वाटलं त्यांच्याच सांगण्यानं सोडली.

*

थंडी सरताना नवी तारीख आली. ऑपरेशन झालं, आमी दोघंबी खडखडीत. हे आता माझंच ऐकतात, आत्याबाई खोटं बोलत नव्हत्या. पण सांगायचं ते ऑपरेशनच्या आधीचं.

सकाळी मला हिरवे कपडे घातले, टोपी घातली, मास्क लावला आन् ट्रॉलीवर झोपवून आत नेलं. नर्स म्हणाली, "मावशी, थोडं थांबा हं." दोन्हीकडं ट्रॉल्याच ट्रॉल्या, सगळे हिरवे, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. माझ्या उजव्या हाताला हे. डोळे मिटलेले, हात थंडगार.

मला भरूनच आलं. संसारात कधी गोड बोलले न्हाई, बोलायला गेलं की भांडणच निघायचं. मी त्यांचा हात धरला.

"ऐका ना. भिऊ नका. मी लई टाकून बोलते तुमाला, पण माझा लई जीव हाय तुमच्यावर. मला किडनीचं काही न्हाई, दोन्ही मागितल्या असत्या तरी दिल्या असत्या. फक्त उठा. तुमी उठला न्हाई तर मी घरी जाऊन कोणाशी भांडू?"

त्यांनी माझा हात घट्ट दाबला. डोळे उघडले, पाण्यानं भरलेले. मास्कमधून बारीक आवाज आला.

"बाई, मी हर्नियाचा. जालन्याचा. पण तुमी बोला, मला असं कोणी बोललंच न्हाई."

मी हात सोडायच्या आत मागच्या ट्रॉलीवरून ओळखीचा आवाज आला, "काहून थांबली? बोल की! मी ऐकून राहिलो."