मूळ घरातला धाकटा

केरळातल्या आमच्या कुरविलंगाडात धाकट्या मुलाला राहतं घर मिळतं आणि घराबरोबर म्हातारे आईबापही मिळतात. थोरले आपापला वाटा घेऊन बाहेर पडतात. वडक्केडम घराण्यात इट्टूपचेट्टन धाकटे. भाऊ अमेरिकेला नि आखातात गेले, यांच्या वाट्याला दोनशे वर्षांचं घर आलं. सगळं फणसाच्या नि सागाच्या लाकडाचं, भिंतीसुद्धा फळ्यांच्या. लोक गाड्या थांबवून फोटो काढत आणि इट्टूपचेट्टनची छाती फुगे. मी शेजारी, त्यांना चेट्टन म्हणजे दादा म्हणणारा. मला ती फुगलेली छाती बघून चीड यायची.

दर उन्हाळ्यात ते फळीन् फळी काजूच्या टरफलांच्या तेलानं पुसत. वाळवी दिसली की जेवणावरून उठत. बायको एली म्हणायची, "माझ्या गुडघ्यांना कधी लावलंत का हो तेल, इच्चायन?" ते हसून सोडून देत. एली मात्र गमतीनं बोलत नव्हती. तिला संधिवात, आणि संडास-न्हाणी परसात, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून पलीकडे. निजायच्या खोलीला लागून एक बाथरूम हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

घर कागदोपत्री इट्टूपचेट्टनच्याच नावावर. अडत होतं ते कुटुंबयोगावर. वर्षातून एकदा अख्खं घराणं मूळ घरी जमतं. प्रार्थना होते, भाषणं होतात, नारळाचे काप घातलेलं बीफ चापलं जातं आणि संध्याकाळी अंगणात नुसत्या उष्ट्या पत्रावळी उरतात. या मंडळींना विचारल्याशिवाय घराला हात लावायचा नाही, हा नियम इट्टूपचेट्टननी आपणहून गळ्यात बांधून घेतला होता.

एका वर्षी एलीनं कोपर मारून त्यांना भरसभेत उभं केलं.

"चाकोचायन," ते थोरल्या भावाला म्हणाले, "एलीला पायऱ्या झेपत नाहीत. मागची भिंत काढून बाथरूम बांधावी म्हणतो."

"भिंत काढून?" चाकोचायन माईकवरूनच गरजले. "आपल्या आजीनं याच घरात अकरा बाळंतपणं काढली. तिनं मागितली होती का रे खोलीला चिकटून बाथरूम?"

मंडप खदखदून हसला. ज्यांच्या घरी माणशी एक बाथरूम, त्या सुनाही हसल्या.

"या भिंती म्हणजे आपला इतिहास. काही हलवायचं नाही. मंजूर?"

भराभर हात वर झाले. एलीनं वळून पाहिलं, तर तिच्या नवऱ्याचाही हात वर.

"तुमचा कशाला गेला वर?" भांडी आवरताना तिनं विचारलं.

"सगळ्यांचाच होता गं. मी एकट्यानं खाली ठेवला असता तर बरं दिसलं नसतं."

कर्कटक महिन्याच्या पावसात एली त्याच पायऱ्यांवरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळातून मुलीनं, जेसीनं, तिला थेट कोट्टयमला आपल्या फ्लॅटवर नेलं. जाताना एली नवऱ्याला म्हणाली, "बाथरूम झाली की कळवा. त्याच दिवशी येते."

"बाई फार हट्टी आहे," इट्टूपचेट्टन मला सांगत होते.

"बांधून टाका ना, चेट्टा! कोण फासावर देतंय?"

"आणि घराण्याला काय सांगू?"

मी कपाळाला हात लावला. हा माणूस एकटाच भात शिजवायचा, एकटाच खायचा, आणि उरलेला दिवस फळ्या पुसायचा.

पुढच्या कुटुंबयोगात चाकोचायननी त्यांना सोनेरी काठाची शाल पांघरवली. "माझ्या धाकट्यानं मूळ घर जसंच्या तसं राखलं!" टाळ्या थांबेनात. एली कुठं आहे, हे एकानंही विचारलं नाही. इट्टूपचेट्टनचे डोळे भरून आले होते. आनंदानं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी ते शाल घेऊन कोट्टयमला निघाले, सोबत मलाही ओढलं. एलीच्या पलंगावर त्यांनी ती पसरली. "बघ, सगळ्यांसमोर घातली."

एलीनं कापड चिमटीत धरून पाहिलं. "मऊ आहे. बाथरूमच्या दाराशी टाका. पाय पुसायला बरी."

इट्टूपचेट्टन माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"टाका ना," ती म्हणाली. "तुम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

ते वाकले आणि शाल दाराशी अंथरली. सुरकुतीसुद्धा काढली. एली वॉकर धरून उठली, शाल तुडवत आत गेली आणि तिनं आतून कडी लावली.