नासू

वनमाला परबीण हाताला चव असलेली बाई, आणि हे तिला चांगलंच माहीत होतं. अंधेरीच्या त्या चाळीत कुणाकडे पाहुणा आला की तिच्याकडून सोलकढी मागून नेत. तिच्या रांधण्याला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. नवरा धाकू बोटीवर इंजिनात तेलवाला होता. वर्षातून दोन महिने घरी असायचा, पुढ्यात येईल ते मुकाट जेवायचा.

छप्पन साली रजेवर आला आणि अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आठवड्याभरानं वाकड्या तोंडातून एक शब्द फुटला, तोही नेमका ताट पुढे आल्यावर. "नासू," धाकू म्हणाला.

नासलंय म्हणतायत, असं वनमालाला वाटलं. दुसरं काय वाटणार? तिनं पेजेचा वास घेतला, पेज ताजी होती. तरी आजारी माणसाला आधी कळत असेल म्हणून ती मोरीत ओतली आणि दुसरी शिजवली. दुसरीलाही तोच शब्द. मग माशाचं सार ओतलं, मुगाचं कढण ओतलं. दुधाचा भय्या बदलला, चिंच लावून भांडी घासघासून बोटं सोलून घेतली. धाकू दोन घास खायचा, डाव्या हातानं खाट बडवायचा आणि रडायचा. औषधापेक्षा पोटात अन्न जाऊ दे, असं डॉक्टर बजावून गेले होते. माणूस डोळ्यांदेखत खंगत चालला होता.

एकदा तिचाही तोल सुटला. जन्मभर माझ्या हातचं जेवलात आणि आता नावं ठेवता, म्हणून ती कडाडली. त्या दिवशी धाकूनं तो शब्द पुन्हा काढला नाही, आणि तिला वाटलं, चला, एकदाचं समजलं.

महिन्याभरानं मार्तंड आला. हा धाकूच्या गावचा, त्याच बोटीवरचा. त्याला पाहताच धाकूनं मान उचलली आणि म्हणाला, "नासू." वनमाला शरमेनं लाल झाली. मार्तंड मात्र हसला.

"वयनी, ह्यो वांगी मागताहा."

मग त्यानं सगळं सांगितलं. चार वर्षांमागं बोट दुरुस्तीला कोबे बंदरात अडीच महिने पडून होती. गोदीजवळ एका म्हातारीची खाणावळ होती. ती वांगी परतून त्यांवर काळं खारट पाणी आणि साखर आटवायची. जपानी लोक वांग्याला नासू म्हणतात. धाकू रोज तेच खायचा, घरी जाऊन बायकोला करून घालीन म्हणायचा. वनमालाला आठवलं, एका रजेत तो विळी घेऊन वांगी चिरायला बसला होता, आणि पुरुषानं चुलीशी लुडबुडू नये म्हणून तिनं त्याला उठवलं होतं. रोगानं त्याची सगळी मराठी नेली आणि तो एक शब्द तेवढा ठेवला, आता याला काय म्हणायचं?

वांगं वातूळ, अर्धांगाला विष, असं झटक्यानंतर बोलावलेल्या वैद्यबुवांनी सांगितल्यापासून घरात एक वांगं आलं नव्हतं. वनमाला उठली आणि स्वतः बाजारात जाऊन लांबट वांगी घेऊन आली. मार्तंडानं सांगितल्याप्रमाणे प्रत्येकाच्या उभ्या दोन फाकी केल्या, गरावर सुरीनं आडव्याउभ्या रेघा मारल्या, तव्यावर तेलात झाकून मऊ केल्या. काळं पाणी कुठून आणायचं? तिनं गुळाच्या पाण्यात मीठ आणि कोकमाच्या आगळाचे चार थेंब घातले, वर ओतलं आणि वांगी चकचकीत होईस्तो आटवलं.

धाकूनं तिच्या हातून अख्खी फाक खाल्ली. चव कोबेची नव्हती, कशी असणार? पण तो खात राहिला, आणि तिला रडू आवरेना. तिनं त्याचे पाय धरले.

पुढे अठरा दिवस तिनं रोज वांगी केली. त्याच्या अंगात मात्र काही उरलंच नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी तो गेला.

चाळीत कुजबूज झालीच. शेजारची सुनंदा तर बाराव्याला तोंडावरच बोलली, की पथ्य मोडलं नसतं तर बिचारा जगला असता. एरवी अशा बोलण्यावर वनमालानं सुनंदाची वाट लावली असती. या वेळी ती खाली बघत म्हणाली, "वांग्यान नाय गेले ते. म्हयनोभर मियाच तेंका उपाशी ठेवलंय."