राहणाऱ्याचा फोटो

आमच्या वीज कचेरीत त्यांना सगळे 'कलाकार' म्हणतात, आणि हे नाव काही कौतुकाने पडलेलं नाही. घरोघर जाऊन मीटरचा फोटो काढायचा आणि कचेरीत पाठवायचा, एवढंच त्यांचं काम. आलेले फोटो तपासून मंजूर करायचे, हे माझं. मीटरच्या काचेत आपलं तोंड उमटलं की आकडा झाकला जातो, म्हणून फोटो काढताना जरा तिरकं उभं राहावं लागतं. कलाकार सगळी नोकरी तिरके उभे राहिले. त्यांच्या फोटोत आकड्याशिवाय काही नसायचं.

बायको गेली आणि त्यांची ही शिस्त बिघडली. फोटोत मीटरच्या भोवतीचं गाव यायला लागलं. मीटरच्या पेटीवर झोपलेलं मांजर, भिंतीवर कोणा पोराने खडूने काढलेलं विमान, वाळत घातलेले एवढेसे मोजे. माझ्या डोक्याला नसता ताप. मी वैतागून फोन करायचे.

"अहो, आकडा कुठंय?"

"आहे की. मांजराच्या शेपटीमागे बघा."

"मला वीज मोजायचीय, मांजरं नाही."

एकदा मात्र ते म्हणाले, "याच गावात जन्मलो, ताई, पण ती होती तोवर गाव कधी नीट बघितलंच नाही. आता काही दिसलं की कोणाला तरी दाखवावंसं वाटतं. घरी कोणी नाही, म्हणून तुम्हाला पाठवतो. तेवढंच हलकं वाटतं."

त्यानंतरचे फोटो मी जरा सावकाश बघायला लागले.

मग गेल्या महिन्यात संगणकाने काही घरं बंद ठरवली. जिथे वीज जवळजवळ जळतच नाही, तिथे कोणी राहत नाही, असं तो धरून चालतो. माणूस राहत असल्याचा फोटो आला नाही, तर जोडणी तोडायची. त्यात कलाकारांचं घर होतं.

"साहेब, हे तर रोज आपल्यासमोर असतात," मी म्हटलं.

"असू देत. फोटो लागेल." साहेबांचं नियमाशीच लग्न लागलंय.

कलाकार नुसते हसले. "संगणकाचं काय चुकलं? टीव्ही तिचा, मिक्सर तिचा, रात्री वाचत बसायची तीच. मला अंथरूण घालण्यापुरता एक दिवा लागतो."

दुसऱ्या दिवशी त्यांचे फोटो आले. पालथा घातलेला एक कप. दाराशी चपलांचा एक जोड. एकाच बाजूला चादर चुरगळलेला पलंग. पण कप काय, बंद घरातही पालथा असतो. मी फोन केला.

"यात तुम्ही कुठे आहात?"

"मी कसा असणार? काढणारा मीच."

"मग या घरात कोणी राहतं, हे मला कसं कळायचं?"

"मलाही कधी कधी कळत नाही, ताई," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी पर्स उचलून निघणार, तेवढ्यात आणखी एक फोटो आला. त्यांच्याच दारातल्या मीटरचा. या वेळी ते सरळ समोर उभे राहिले होते. काचेत त्यांचा चेहरा होता, दाढी केलेला, केस विंचरलेले, आणि मागे उघड्या दारातून घरातले सगळे दिवे लागलेले दिसत होते. आकड्याचा कुठे पत्ता नव्हता.

असा फोटो नाकारायचा असतो. मी तो मंजूर केला आणि खाली लिहिलं, घरात माणूस राहतो.