सुमनची झोळी, माझा अर्ज

हे मी आजवर कुणापुढे बोललेले नाही. आईपुढे नाही, देवापुढेही नाही. देवळात गेले तरी इकडचं तिकडचं मागून परत येते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

माथेरानच्या एका हॉटेलात मी रिसेप्शनवर होते आणि सुमन खोल्या आवरायची. मी भिवपुरीची, ती कर्जतकडच्या ठाकर आदिवासींच्या एका वाडीवरची. नवरा वारलेला, एकच पोरगी, ती आश्रमशाळेत. सुट्टी संपली की पोरगी हिचा पदर सोडायची नाही. खालापूरच्या एका रिसॉर्टची जाहिरात आली — पाहुण्यांची देखभाल, बारमाही काम, राहायला खोली. सुमनला त्यातली फक्त खोली दिसली.

"पोरीला जवळ ठेवीन गं," एवढंच म्हणाली.

अर्ज मीही करणार होते. अर्जाला पत्र जोडायचं होतं. ते कसं लिहावं याचे सल्ले मोबाइलवर ढिगानं, आणि सगळे इंग्रजीत. ते वाचून मी तिला समजावायचं, असं ठरलं. मी वाचत बसले. एक म्हणे थोडक्यात लिहा, दुसरा म्हणे मन मोकळं करा. मेहनती, प्रामाणिक असले शब्द नकोत, ते सगळेच लिहितात. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत — तुम्ही स्वतः निभावलेला एक प्रसंग सांगा. मी डोकं खाजवून थकले. मी काय निभावलं होतं हो? किल्ल्या दिल्या होत्या, किल्ल्या घेतल्या होत्या.

सुमननं निभावलं होतं. पावसात रस्त्यावर झाड आडवं पडलं होतं, अँब्युलन्सची गाडी वर येईना, आणि पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंचा श्वास लागलेला. मी रिसेप्शनवर नुसती फोन दाबत उभी. सुमननं पलंगावरची चादर ओढली, बांबूला बांधून झोळी केली, माळ्याला आणि स्वयंपाक्याला हाक मारली. वाडीवर आजारी माणसाला असंच रस्त्यापर्यंत आणतात. बाईंना त्यांनी पडलेल्या झाडापलीकडच्या गाडीपर्यंत नेलं. बाई वाचल्या. मॅनेजर चादर चिखलात घातली म्हणून सुमनलाच ओरडला.

तर मी — आता हे सांगायलाच हवं — मी तिला सगळं उलटं समजावलं. म्हटलं, वाडी, झोळी असलं काही लिहू नकोस गं, हसतील तुला. मेहनती लिही, प्रामाणिक लिही. तिनं मान डोलावली. पत्र मीच लिहून दिलं तिला, चांगल्या अक्षरात. आणि झोळी माझ्या पत्रात घातली.

मला बोलावणं आलं. झोळीची गाठ कशी मारली, हेही रिसॉर्टच्या साहेबांनी विचारलं. सुमननं मला एकदा मारून दाखवली होती, म्हणून तेही सांगता आलं. जीभ झडली नाही माझी. नोकरी मिळाली. सुमननं करवंदं आणून दिली, माझ्यापेक्षा तीच जास्त खूश होती.

इथवरच असतं तर कदाचित मी गप्पच राहिले असते. पण यंदा आमच्याकडे आणखी एक जागा निघाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि एक पत्र पुढे केलं. सुमनचं. या वेळी आश्रमशाळेच्या बाईंनी तिला सांगितलं होतं, तू जे केलंस तेच लिही. तिनं लिहिलं होतं. चादर, बांबू, माळी, स्वयंपाकी, सगळं.

"हा तर तुमचा प्रसंग," साहेब म्हणाले. "हॉटेलही तेच. ओळखता हिला?"

एक वाक्य पुरलं असतं. तिचा प्रसंग आहे, माझा नाही — एवढंच. मी काय म्हटलं? "ओळखते. खोल्या आवरायची. माझ्याकडूनच ऐकलं असेल तिनं." साहेब हसले. असली माणसं आपल्याला नकोत म्हणाले आणि पत्र बाजूला टाकलं. मी मान हलवली. कुणी माझा हात पिरगळला नव्हता.

सुमनचा अजून फोन येतो. "उत्तर नाय आलं गं. तुझ्यावर भार नको म्हून तुला शब्द टाकाया नाय सांगितला. पर लिवताना तुला इचारायला पायजे होतं, माझंच कायतरी चुकलं."

मी म्हणते, असेल. मग पोरगी कशी आहे विचारते. ती सांगते, सुट्टी संपली, काल सोडून आले, लई रडली.

माझ्या खोलीत दोन खाटा आहेत. एकीवर मी झोपते. दुसरीवर कपडे पडलेले असतात.