उन्हात धरलेलं हळकुंड

हिंगोलीच्या बाजारात हळद पारखणारा एक म्हातारा मला रोज भेटायचा. पृथ्वी सपाट आहे, हे त्याला मोबाईलवरच्या व्हिडिओनं पटवलं होतं. मी भूगोलाचा मास्तर, मला ते झोंबायचं.

"सूर्य बुडत न्हाई गुरुजी, लांब जातो. म्हणून ऊन दिसत न्हाई," एका संध्याकाळी तो हळकुंड मोडत म्हणाला.

"मग जाताना बारीक काहून होत न्हाई?" मी पश्चिमेकडे बोट दाखवलं. तिथं भाकरीएवढा लाल गोळा होता.

"डोळे फसवतात. व्हिडिओत बराबर बारीक होतो."

तेवढ्यात एका शेतकऱ्यानं मोबाईलवर आपल्या हळदीचा फोटो दाखवून भाव विचारला. म्हाताऱ्यानं मोबाईल बाजूला सारला.

"यात काय कळतं? माल आणा. उन्हात धरून डोळ्यानं पाहिल्याबिगर आपला कशावर भरवसा न्हाई."